कोण गेलं ते सोड, सही कुणी केली?

मौखिक इतिहासाच्या मुलाखतीत आपण हमखास विचारतो, "घरातलं कोण कधी अमेरिकेला गेलं?" मीही बोरिवली-मुलुंडच्या घरांत पहिले सहा महिने हेच विचारत फिरले. मग मुलुंडच्या एका आजींनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) प्लास्टिकची फाइल पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "कोण गेलं ते सोड गं, सही कुणी केली ते विचार."

त्यांच्या मुलाने आधी बायकोला नेलं, मग आईवडिलांना. पुढे घटस्फोट झाला. काही वर्षांनी घाटकोपरच्या मुलीशी दुसरं लग्न झालं, आणि तिचा अर्ज भरताना घरात वादाला तोंड फुटलं. कारण एक रकाना होता : यापूर्वी तुम्ही ज्यांची हमी घेतलीत आणि ती अजून संपलेली नाही, अशी माणसं किती?

हा रकाना आला कुठून, ते बघू. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा दिल्या होत्या. १९६५च्या कायद्याने दार उघडलं : दर देशाला २०,००० पर्यंत व्हिसा, त्यात भावाबहिणींसाठी वेगळा वर्ग, आणि नागरिकाची बायको, लहान मुलं, आईवडील तर या मर्यादेबाहेरच. गंमत म्हणजे, नात्यांना प्राधान्य दिलं की युरोपियनच जास्त येतील असा अनेकांचा होरा होता. आले आपले डॉक्टर-इंजिनियर, आणि मागून त्यांची घरं.

पण आलेल्या माणसाला पोसणार कोण? जुन्या हमीपत्राला न्यायालयं बंधनकारक करार मानत नसत. सही म्हणजे निव्वळ सद्भावना. १९९६च्या कायद्याने हे बदललं आणि १९ डिसेंबर १९९७पासून आय-८६४ हा फॉर्म लागू झाला. ही सही न्यायालयात वसूल करता येते. हमी संपते ती आलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा झाल्या, तो कायमचा वास्तव्याचा हक्क सोडून देशाबाहेर गेला, किंवा दोघांपैकी कुणी वारलं तर. घटस्फोट या यादीत नाही!

आता हिशोब करा. मुलगा, आई, वडील, पहिली बायको (तिने नागरिकत्व घेतलं नव्हतं, ४० तिमाहीही भरल्या नव्हत्या), नवी बायको. पाच डोकी. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२४च्या आकड्यांनी दोघांसाठी २५,५५० डॉलर, पाच जणांसाठी ४५,७२५. एका छोट्या दुकानावर राबणाऱ्या माणसाला हा फरक जड जातो. सहप्रायोजक चालतो, पण आजींच्या शब्दांत, "कुणाकुणापुढे तोंड वेंगाडायचं?"

मला इथे थांबावंसं वाटतं. आपली शिधापत्रिका कुटुंब मोजते ती चुलीवरून. हा फॉर्म मोजतो सहीवरून. म्हणून सहा महिने मुलुंडला राहणारे सासू-सासरे, घर सोडून गेलेली पहिली सून आणि अजून न पोचलेली दुसरी, सगळी एका कुटुंबात. एकत्र कुटुंब मोडलं असं आपण समाजशास्त्रात वाचतो. कागदावर ते असं भलत्याच रूपात जमतं. फक्त कोण कधी गेलं याची यादी केलीत तर हे कुटुंब तुम्हाला दिसणारच नाही. माझं तसंच झालं होतं, आणि आधीच्या अकरा घरांत मला पुन्हा जावं लागलं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. लोकांना साल आठवत नाही, जागा आठवते. "ब्रीच कँडीला रांगेत उभे होतो" म्हणाले, तर ती मुलाखत लिंकन हाउसमधली, म्हणजे नोव्हेंबर २०११च्या आधीची. "बीकेसी" म्हणाले, तर नंतरची. पासपोर्टावरच्या शिक्क्याशी ताडून घ्या, बहुतेक वेळा जुळतं.

आजी बीकेसीच म्हणाल्या. नव्या सुनेची मुलाखत व्हायच्या आधी त्यांनी आणि आजोबांनी आपापलं ग्रीन कार्ड परत केलं होतं. पाचाची तीन डोकी झाली. मुलाने नको म्हटलं होतं का, असं मी विचारलं. त्यांनी फाइलला रबर लावला आणि म्हणाल्या, "चहा घेशील ना?"