छत्तर मंझिलमधील औषध आणि एपिड्यूरलचा दुर्मीळ धोका

लखनौत गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. ‘सहेली’ गोळीतील सेंटक्रोमान या संस्थेचेच, हे अनेकांना ठाऊक असते. सेंटब्युक्रिडीन या स्थानिक भुलीच्या औषधाचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

ते चाचण्यांत उतरले तो काळ भूलशास्त्राच्या कसोटीचा होता. अमेरिकन भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी 1979 मध्ये निदर्शनास आणले होते, की ब्युपिव्हकेन किंवा एटिडोकेन टोचल्यावर काही रुग्णांचे हृदय एकाएकी बंद पडते. एपिड्यूरल घेणाऱ्या प्रसूत होत असलेल्या स्त्रियांना हा धोका विशेष. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत शिरांचे जाळे असते आणि गर्भारपणात त्या फुगतात; नळीचे टोक शिरेत शिरले, तर संपूर्ण मात्रा थेट हृदयाकडे जाते. ब्युपिव्हकेन तेथील सोडियम मार्गिकांना चिकटते आणि फार सावकाश सुटते. 1984 पर्यंत अमेरिकेत प्रसूतीसाठी 0.75 टक्के द्रावण वापरू नये, असे ठरले.

इकडे 1983 मध्ये सेंटब्युक्रिडीनची लिग्नोकेनशी तुलना करणारे भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाले. दात काढताना त्याचे 0.5 टक्के द्रावण 2 टक्के लिग्नोकेनच्या तोडीचे ठरले. कण्यातील भुलीच्या अभ्यासात, पाठ्यपुस्तकामुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असलेले आर. एस. सातोस्कर सहभागी होते. हृदयावरील परिणाम सौम्य असल्याचे निष्कर्ष आशादायक होते; पण हजारांत एखाद्यालाच गाठणारी गुंतागुंत शे-दीडशे रुग्णांच्या चाचणीत दिसावी कशी? ब्युपिव्हकेनचा धोकाही वर्षानुवर्षांच्या वापरानंतरच उमगला होता.

माझ्या मते खरा बदल घडवला तो भूलतज्ज्ञांच्या हाताच्या सवयींनी. आधी सिरिंज मागे ओढून रक्त येते का पाहणे. मग ॲड्रेनालिनमिश्रित चाचणी-मात्रा देऊन नाडी वाढते का पाहणे (प्रसूतिकळांमुळेही ती वाढते, म्हणून हा पुरावा फसवा). उरलेले सौम्य द्रावण 3 ते 5 मिलिलिटरच्या हप्त्यांत, मध्ये थांबत देणे. प्रत्येक मात्रा ही चाचणी-मात्राच, असे मानण्याची शिस्त यातूनच आली. 1998 मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगांतून स्निग्ध द्रावणाचा उपयोग दाखवला. आता 20 टक्क्यांची ती पांढरी बाटली एपिड्यूरल देताना हाताशी ठेवली जाते.