रावरंभा : माढ्याच्या मातीतला किताब

सोलापूर जिल्ह्यातील माढा येथील किल्ला आणि माढेश्वरी देवीचे मंदिर या दोन्ही वास्तूंशी रावरंभा निंबाळकरांचे नाव निगडित आहे. 'रावरंभा' हे मात्र पाळण्यातले नाव नव्हे. तो दरबारी किताब आहे. ऐतिहासिक महानाट्यांत आणि शिवराज्याभिषेकाच्या मिरवणुकांत असे किताब सर्रास पुकारले जातात. त्यामागची दर्जाची उतरंड सहसा ठाऊक नसते.

मोगली व्यवस्थेत तीन गोष्टी वेगळ्या होत्या. किताब म्हणजे मान, मनसब म्हणजे दर्जा आणि जहागीर म्हणजे त्या दर्जाच्या खर्चासाठी तोडून दिलेले महसुली उत्पन्न. मनसबीतील 'जात' या आकड्यावरून सरदाराचा दर्जा व वेतन ठरे, तर 'सवार' या आकड्यावरून त्याने बाळगायचे घोडेस्वार. निजामाच्या दरबारात मुस्लिम उमरावांना जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह असे चढत्या क्रमाने किताब मिळत. हिंदू सरदारांसाठी राय, राजा, वंत, महाराजा अशी परंपरा होती. निंबाळकर घराण्याच्या 'जयवंत बहादूर' या किताबातील 'वंत' त्याच परंपरेतला.

मराठेशाहीत सेनापती, सरलष्कर, सेनासाहेबसुभा, सरखेल हे किताब प्रत्यक्ष कामगिरीशी जोडलेले होते. तरीही कालांतराने ते वंशपरंपरेने चालू लागले. नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेबसुभा' आणि आंग्र्यांचे 'सरखेल' ही त्याची ठळक उदाहरणे होत.

किताबाला किंमतही मोजावी लागे. रंभाजी निंबाळकर हे मराठा सरदार निजाम-उल-मुल्काच्या पदरी गेले, पराक्रमाबद्दल 'रावरंभा' झाले आणि पुणे प्रांतात त्यांना जहागीर मिळाली. स्वपक्ष सोडलेला सरदार पुण्यात असणे छत्रपती शाहूंना खुपत होते. अखेर 1727 च्या सुमारास निजामाने पुण्याच्या बदल्यात करमाळ्याकडील मुलूख त्यांच्यासाठी घेतला. करमाळ्याचा किल्ला त्यांनी सुरू केला. पुत्र जानोजीरावांनी तो पूर्ण केला. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागात हे घराणे रुजले ते असे.

1949 मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या रद्द झाल्या. 1950 पासून राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक बहुमान वगळता शासनाने किताब देण्यास मनाई केली. मनसब गेली, जहागीर गेली. माढेकरांच्या बोलण्यात 'रावरंभा' मात्र टिकून आहे.