पंडिता रमाबाईंचे परतणे

इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई १८८९ मध्ये अमेरिकेहून मुंबईस परतल्या आणि मार्चमध्ये त्यांनी शारदा सदन काढले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन त्यामागे होते. परंतु काही मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, वादळ उठले, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. ज्या समाजासाठी त्या परतल्या, त्यानेच दार लावून घेतले.

तोवर त्यांच्या श्रद्धेचे स्वरूपही पालटले होते. ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी भेटला, अशा आशयाचे निवेदन त्या १९०७ मध्ये करतात. या श्रद्धेला काम दिले ते दुष्काळाने. १८७०च्या दशकातील उपासमारीत आई, वडील व बहीण गमावलेल्या रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले.

शेवटचे परतणे भाषेचे. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिलेल्या या विदुषीने बायबलचा अनुवाद साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृताचे ऐश्वर्य बाजूस ठेवण्याचा हा निर्णय वाङ्मयीन म्हणावा की धार्मिक? येथे दोन्ही एकच आहेत, असे मला वाटते. तीर्थोतीर्थी श्रोत्यांना न उमगणारी पुराणे वाचून ज्या कुटुंबाने पोट भरले, त्याच्या लेकीला उमगणाऱ्या शब्दाचे मोल ठाऊक होते.