निलगिरीचा खरा रहिवासी

एकदा वर्गात मी सहज विचारले, "निलगिरी म्हणजे काय रे?" साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "झाड!" मागच्या बाकावरून एकाने भर घातली, "सर, सर्दीचे तेल!" मुलांची चूक नव्हती. आपल्या मराठीने त्या झाडाला डोंगराचेच नाव देऊन टाकले आहे. पण ते झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. निलगिरी हा तमिळनाडूच्या पश्चिमेकडील डोंगर. तेथला खरा रहिवासी वेगळाच आहे. त्याचे नाव निलगिरी तिरचिमणी.

हे पाखरू चिमणीहून थोडे लांब, तपकिरी रंगाचे, अंगावर काळपट रेघांचे. गवतात बसले की गवतच होऊन जाते. ते गवतातून चालत किडे टिपते आणि गवताच्या बुंध्याशी जमिनीवरच घरटे करते. निलगिरी, पळणी, अण्णामलै आणि मुन्नारचे डोंगर एवढाच त्याचा मुलूख, आणि तोही बहुतेक २००० मीटरच्या वरचा. जगात दुसरीकडे ते कोठेही नाही. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ शार्प यांनी १८८५ साली त्याला निलगिरीवरूनच शास्त्रीय नाव दिले.

त्या डोंगरांची ठेवण मोठी पाहण्यासारखी. दरीच्या घडीत, ओढ्याच्या काठाने दाट बुटके रान. त्याला शोला म्हणतात. वरचे उघडे उतार सगळे गवताचे. हिवाळ्यात तेथे रात्री हिम पडते, त्यात झाडांची कोवळी रोपे करपतात. गवत मात्र टिकून राहते. कोणी म्हणेल, जंगल तोडल्यामुळे हे गवत माजले असेल. तसे नाही. दलदलीत थरावर थर साचलेल्या कुजकट मातीची परीक्षा करून शास्त्रज्ञांनी १९९३ साली गेल्या २०,००० वर्षांचा वृत्तांत वाचला. त्यात गवताची खूण अगदी जुन्या थरांतही सापडते. या गवतावर तोडा लोकांनी पिढ्यान्पिढ्या म्हशी चारल्या. त्यांची देवळेही गवताने शाकारलेली असतात.

१८१९ साली कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन या डोंगरावर चढला. पुढे उटकमंड वसले, बंगले उठले, थंडीसाठी शेकोट्या पेटल्या. जळणासाठी शोला तुटू लागले. तेव्हा साहेबाने ऑस्ट्रेलियातून झपाट्याने वाढणारी झाडे आणविली : युकॅलिप्टस आणि वॅटल. ती लावायची कोठे? उघड्या गवतावर! ज्यावर झाड नाही आणि नांगर नाही, ती जमीन सरकारी डोळ्याला पडीक दिसली. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण ती नजर राहिली. कातडी कमावण्यासाठी वॅटलची साल हवी, रेयॉनच्या धाग्यासाठी लाकडाचा लगदा हवा, म्हणून लागवड वाढतच गेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. झाडे लावणे हे पुण्याचेच काम, असे सर्वांनाच वाटत होते.

परिणाम काय झाला? पळणीच्या डोंगरांत १९७३ नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारे दोन तृतीयांश गवताळ उतार नाहीसे झाले. वॅटलचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, त्यामुळे झाड तोडले तरी रान पुन्हा उगवते. तिरचिमणीला झाडाखाली संसार मांडता येत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, उंच आणि उघड्या गवतावर ती टिकून आहे, झाडोरा शिरला तेथे ती विरळ होते. हवा तापली तर पुष्कळ पाखरे डोंगरावर आणखी वर सरकतील. पण ही आधीच माथ्यावर! अनाइमुडीची उंची २६९५ मीटर. त्याच्या वर फक्त आभाळ.

एराविकुलम आणि मुकुर्ती येथील राष्ट्रीय उद्यानांत तिला अजून थारा आहे. काही ठिकाणी आता वॅटल उपटून गवताची रोपे लावण्याचे काम चालू आहे. पूर्वजांनी कौतुकाने लावलेले झाड नातवंडे उपटीत आहेत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पावसाळ्यात आपणही मुलांना घेऊन रोपे लावावयास निघतो. अवश्य निघावे. बोडक्या झालेल्या जंगलाला झाडे हवीतच. पण खड्डा घेण्यापूर्वी गावातल्या एखाद्या धनगरबाबाला विचारावे, "बाबा, इथं आधी काय होतं?" तो म्हणाला, "गवतच होतं, माझ्या आज्यापासून," तर कुदळ खाली ठेवावी. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य म्हणून राखला गेला. तोही परक्या नजरेला पडीकच वाटेल.

आणि वर्गात एकदा विचारून पाहा, निलगिरी म्हणजे काय? तेलाच्या बाटलीबरोबर त्या पाखराचीही गोष्ट मुलांना सांगा.