शहाबादी फरशी : निगा व सीलर

घराच्या जमिनीला वापरला जाणारा, थराथराने सुटणारा करडा-निळसर चुनखडक. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरावरून नाव पडले. महाराष्ट्रातल्या धाराशिव जिल्ह्यातही ही फरशी वापरतात, पण तिथला स्वतःचा दगड म्हणजे बेसाल्ट, काळा पाषाण. नळदुर्गचा किल्ला त्याचाच. पण काळ्या पाषाणाच्या पातळ, सपाट लाद्या सहज सुटत नाहीत, म्हणून जमिनीसाठी शहाबादी आली. १९४८ पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते.

ही फरशी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. त्यामुळे तिचा खरा शत्रू आम्ल. लिंबू, चिंच, ताक सांडून तसेच राहिले तर पॉलिश उडून फिकट डाग पडतो. हा डाग वर बसलेला नसतो, तिथला दगडच झिजलेला असतो. तो पुसून जात नाही, पुन्हा मशीन पॉलिश करावे लागते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर काढायला संडास धुण्याचे ॲसिड फरशीवर ओततात. त्यात फरशी आणि सांध्यांतले सिमेंट दोन्ही खाल्ले जातात. ही सवय मोडलीच पाहिजे. रोजच्या पुसण्याला साधे पाणी, फार तर सौम्य साबण पुरतो. त्याआधी कचकच झाडून घ्यावी, कारण वाळूचे कणच पॉलिश ओरबाडतात. तेलाच्या डागावर खडूची पूड साबणाच्या पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, वाळल्यावर खरवडावा; जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते.

सीलर लावण्याआधी फरशीवर पाण्याचा थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटे पाहावे. खालची जागा गडद झाली तर दगड पाणी पितो आहे, सीलर हवा. थेंब तसाच राहिला तर खर्च कशाला? आत मुरणारा सीलर छिद्रांत बसतो, वाफ अडवत नाही. वरून चकाकी देणारा लेप ओल कोंडतो आणि पुढे सोलपटतो. जमिनीतून ओल चढणाऱ्या जुन्या घरांत पहिलाच घ्यावा, नाहीतर लोणा फरशीचे पापुद्रे काढतो. काम उन्हाळ्यात, फरशी पूर्ण सुकल्यावर करावे. न मुरलेला सीलर वाळण्याआधी पुसावा, एरवी चिकट डाग राहतात. सीलरने तेल-हळद उशिरा मुरते, आम्ल मात्र थांबत नाही.

काळ्या मातीवर बांधलेल्या घरात फरशी पोकळ वाजू लागली किंवा खचली, तर दोष बहुधा खालच्या भरावाचा असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा ठिकाणी फरशी उचलून, माती काढून, मुरूम भरून धुम्मस करावी लागते; सांधे आणि सीलर त्यानंतर.