चेंडू चालला, पेला चालला नाही : पालवणकर बाळू

१/ महाड म्हटले की चवदार तळे आठवते, २० मार्च १९२७ आठवतो. परंतु पाण्याच्या पेल्याचा हाच प्रश्न त्याआधी सुमारे तीन दशके पुण्याच्या क्रिकेट मैदानावर उभा राहिला होता. त्याची ही हकिकत.

२/ पालवणकर बाळू. आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले, जन्म धारवाडचा, समाज चर्मकार. वडील लष्करी नोकरीत. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर बाळू महिना ४ रुपये पगारावर खेळपट्टी सांभाळीत आणि कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्या सरावातूनच डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

३/ पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण इंग्रजांना हरवायचे होते. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र सहकारी आत चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे.

४/ फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. विजयाचे एक प्रमुख शिल्पकार बाळू होते.

५/ १९११. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ पैकी १५ सामने हरला. तरी बाळूंनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. तरुण भीमराव आंबेडकरांना या खेळाडूविषयी मोठा आदर होता.

६/ एवढे होऊनही ज्येष्ठ बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम संघातून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

७/ त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. ठराव कागदावरच राहिला. म्हणून १९२७ मध्ये हजारो माणसे स्वतः तळ्यावर गेली.

८/ इतिहासाची विलक्षण गाठ पुढे आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षी १७ मार्चला चवदार तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

९/ बाळूंचा मार्ग गुणवत्तेने मान मिळवण्याचा होता. त्याने एका घराण्याला कर्णधारपदापर्यंत नेले, पण त्यासाठी असामान्य फिरकी लागली. ज्याच्या हातात अशी कला नाही, त्याने काय करावे? त्याचे उत्तर महाडने दिले : पाणी पिण्यासाठी ११४ गडी बाद करावे लागू नयेत.

१०/ बाळू १९५५ मध्ये निवर्तले. चवदार तळ्याच्या काठी उभे राहाल, तेव्हा मातीच्या भांड्यातला तो चहाही आठवावा.