पहाडी वाटाड्यांचे संघ : शामोनी ते खुंबू



आम्ही हमालांत काम करणारी माणसे. शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधारावर. तेव्हा गिर्यारोहणासारख्या हौशी विषयावर आम्ही बोलावे याचे आपणास नवल वाटेल. परंतु डोंगर चढणाऱ्या प्रत्येक हौशी माणसामागे एक ओझे असते, आणि ते ओझे कोणाच्या तरी पाठीवर असते. त्या पाठीचा इतिहास हा आमचाच विषय आहे.

साहसी सफरींचा धंदा आज जगभर पसरला आहे. त्यात संघ, महासंघ आणि परिषदा पुष्कळ आहेत. त्यांचे छापील उद्देश वाचले तर सर्वांनाच सुरक्षितता हवी, सर्वांनाच धंद्याची इभ्रत हवी. मग एक संघ दुसऱ्यापासून ओळखायचा कसा? आमच्या मते त्याची खूण एकच. अपघात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो संघ काय करतो, हे पाहावे. या धंद्यातील एका फार जुन्या संघाचा जन्मच मुळी अशा दुसऱ्या दिवसातून झाला.

आल्प्स पर्वतात शामोनी नावाचे खोरे आहे. आज ते फ्रान्समध्ये आहे. १८६० पर्यंत ते सार्डिनियाच्या राज्यात होते. तेथील माँ ब्लाँ हे सुमारे ४८०० मीटर उंचीचे शिखर ८ ऑगस्ट १७८६ रोजी प्रथम सर झाले. चढणारे दोघे त्याच खोऱ्यातले : स्फटिक शोधत हिंडणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर पाकार. त्यानंतर युरोपातील धनिक व विद्वान मंडळी तेथे येऊ लागली. गुरे राखणारे, शिकार करणारे शेतकरी त्यांचे वाटाडे झाले. मजुरी कोणी ठरवायची, काम कोणाला मिळायचे, याला धरबंध नव्हता.

ऑगस्ट १८२० मध्ये डॉक्टर हामेल नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ दोन इंग्रज तरुणांसह माँ ब्लाँवर निघाला. बरोबर डझनभर वाटाडे होते. वाटेत वादळाने गाठले, ताजा बर्फ पडला. परतावे की पुढे जावे हा प्रश्न उभा राहिला. कोणी कोणाला भाग पाडले यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यात आम्ही शिरत नाही. मंडळी पुढे निघाली एवढे खरे. २० ऑगस्टला उतारावरचा बर्फ सुटला आणि तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. प्येर बाल्मा, प्येर कारिए आणि ओग्युस्त तैराझ ही त्यांची नावे. साहेब मंडळी जिवंत परतली. हिमनदी मात्र आपला हिशेब ठेवून होती. तब्बल एकेचाळीस वर्षांनी, १८६१ साली, खाली सरकत आलेल्या बर्फातून त्या माणसांचे अवशेष बाहेर पडू लागले.

पण गावाने एकेचाळीस वर्षे वाट पाहिली नाही. एका वर्षाच्या आत, २४ जुलै १८२१ रोजी, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली मंडळी स्थापन केली, आणि १८२३ मध्ये सरकारने तिच्या नियमांवर शिक्का मारला. या नियमांत दोन गोष्टी मुख्य होत्या. पहिली मदतनिधीची. प्रत्येकाच्या कमाईतून काही अंश बाजूला काढायचा आणि त्यातून जखमी, आजारी वाटाड्यांना व मेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्यायची. दुसरी पाळीची. प्रवाशाने कचेरीत यावे, आणि यादीत ज्याचा क्रम असेल तो वाटाड्या बरोबर घ्यावा.

बाहेरच्या माणसाला पाळी ही क्षुल्लक बाब वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या अड्ड्यावर पाळी नसते तेथे सकाळी गाडी आली की चाळीस माणसे धावतात; जो कमी भावात उचलतो त्याला काम मिळते. दुसऱ्या दिवशी दुसरा त्याहून कमी सांगतो. पाळी आली की भाव पडायचा थांबतो. डोंगरावर तर याहून मोठी गोष्ट घडते. आज नाही म्हटले तर उद्याची भाकर जाईल ही भीती ज्याला नाही, तोच वाटाड्या साहेबाला 'आज हवा वाईट आहे, परत फिरू' असे तोंडावर सांगू शकतो. म्हणजे पाळीने वाटाड्याचे पोट सांभाळले, तसा प्रवाशाचा जीवही सांभाळला.

या संघाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्ही इतिहास सांगत नसून प्रचार करत आहोत असे होईल. माँ ब्लाँसाठी एका प्रवाशामागे चार वाटाडे घेतलेच पाहिजेत असा नियम झाला. खर्च भरमसाट वाढला. कसलेला माणूस हवा असला तरी पाळीत येईल तो नवखाही घ्यावा लागे, ही इंग्रज गिर्यारोहकांची तक्रार खोटी नव्हती. १८५५ साली हडसन, केनेडी आदी मंडळींनी दुसऱ्या बाजूने, वाटाड्यांवाचून, ते शिखर गाठले आणि मक्तेदारीला उघड आव्हान दिले. दुसरा दोष अधिक खोल होता. मंडळीचे दार खोऱ्यात जन्मलेल्यांनाच उघडे होते. बाहेरच्या पहिल्या माणसाला, पुढे लेखक म्हणून गाजलेल्या रोझे फ्रिझों-रोश याला, प्रवेश मिळायला १९३० साल उजाडावे लागले. जो संघ आपल्यापुरते दार लावून घेतो तो हळूहळू जातपंचायत बनतो, हे आपण आपल्याकडेही पाहिलेले आहे.

तरीही ती मंडळी टिकली. पाळीचे नियम पुढे सैल झाले, पण मदतनिधी राहिला. आजही १५ ऑगस्टला शामोनीत वाटाड्यांचा उत्सव भरतो आणि त्यातून त्या निधीत भर पडते.

आता याच शामोनीतून हिमालयाकडे वळू. १९२४ साली शामोनीला हिवाळी ऑलिंपिकचे सामने झाले. तेथे १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला गिर्यारोहणाचे पदक देण्यात आले. त्या मोहिमेत ७ जून १९२२ रोजी हिमप्रपात होऊन सात भारवाहक मरण पावले होते. ब्रिटिश चढाईदार एकही गेला नव्हता. पदक मिळालेल्यांत त्या सात मृतांचीही गणना झाली. सन्मान झाला हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्या घरच्यांना जे मिळाले ते देणाराच्या मर्जीने मिळाले. हक्क म्हणून मागायला त्यांच्यामागे संघ नव्हता.

१९२८ साली हिमालयन क्लब निघाला. त्याने दार्जिलिंगच्या शेर्पांची नोंद ठेवली, त्यांना कामाची वही दिली, उत्तम काम करणाऱ्याला 'टायगर' हा बिल्ला दिला. हे काम मोलाचे होते. तथापि तो क्लब काम देणाऱ्यांचा होता. शेर्पांची स्वतःची संघटना जोमाने पुढे आली ती १९५० नंतरच्या दशकात, आणि तिचा पुढारी होता तेनसिंग नोर्गे. ज्याने २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाय ठेवला, त्याने खाली उतरून मजुरी आणि नुकसानभरपाई यांच्या गोष्टी बोलाव्यात, हे आम्हाला त्याच्या चढाईइतकेच मोठे वाटते.

पुढे धंदा नेपाळात वाढला. तेथे १९७३ साली राष्ट्रीय गिर्यारोहण संघ आणि १९७९ साली ट्रेकिंग कंपन्यांचा संघ स्थापन झाला. संस्था झाल्या, कचेऱ्या झाल्या. मग १८ एप्रिल २०१४ चा दिवस आला. खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि परदेशी मोहिमांसाठी काम करणारे सोळा नेपाळी कामगार ठार झाले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला जाहीर केले चाळीस हजार नेपाळी रुपये. तळावर शेर्पा जमले, मागण्या लिहिल्या गेल्या, आणि नेपाळच्या बाजूने त्या वर्षीचा हंगाम जवळजवळ बंद पडला. त्यानंतर विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. शामोनीने १८२१ साली जे शांतपणे केले, ते करून घ्यायला येथे १९३ वर्षांनंतर काम बंद ठेवावे लागले.

१ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींनी नोंदलेल्या कंपनीमार्फत वाटाड्या घेतलाच पाहिजे, असा नियम नेपाळने केला. कंपन्यांच्या संघाने तो उचलून धरला. खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो मानला नाही. चार वाटाड्यांच्या नियमाचीच ही नवी आवृत्ती. तो चांगला की वाईट, हे आम्ही नियम वाचून सांगणार नाही. त्याने आलेला पैसा कंपनीच्या गल्ल्यात थांबतो की पाठीपर्यंत पोचतो, हे पाहून सांगू.

आम्ही चळवळीत नवे होतो तेव्हा एका गोदामात फळी निसटून एक हमाल पोत्यासकट खाली आला आणि गेला. त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. मालकाने पाचशे रुपये हातावर ठेवले. बाकीचे आम्ही टोपी फिरवून जमवले. त्या रात्री माथाडी कायद्याचे मोल आम्हाला खरे समजले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात तो कायदा आला. त्याने हमालाची आणि मालकाची दोघांची नोंद एका मंडळात आणली, आणि मजुरी व निधीचा पैसा मालकाच्या मर्जीतून काढून मंडळाच्या हिशेबात घातला. शामोनीचा मदतनिधी आणि हे मंडळ यांच्यामागची बुद्धी एकच आहे : मरण येण्याआधी हिशेब लिहून ठेवावा.

आपल्या सह्याद्रीतही आता दर शनिवारी गाड्या भरून मंडळी गडांवर जातात. वाट दाखवणारी पोरे पायथ्याच्या गावातली असतात. सफरी नेणाऱ्यांचे संघ निघावेत. आमचा त्याला विरोध नाही. फक्त त्यांच्या पहिल्या सभेत दोन प्रश्न विचारले जावेत. वाट दाखवणाऱ्याचे नाव तुमच्या वहीत आहे काय? आणि उद्या तो घरी परतला नाही, तर परवा त्याच्या दारात कोण, काय घेऊन जाणार आहे?